दिवसाढवळ्या लाईट

आमच्या घरात दिवसा लाईट लावायची पद्धत नाही. माझे सासरे वीज खात्यात लाईनमन होते. मी त्यांना मामा म्हणते, आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात. उभा जन्म त्यांनी खांबावर काढला. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, खांब सुटला, पण बटनं काही सुटली नाहीत. सकाळी फिरून आले की चपला काढायच्या आधी घरभर नजर. कुठं लाईट जळताना दिसला की खट. न्हाणीत माणूस असला तरी खट. आतून आरडलं की बाहेरून शांतपणे म्हणणार, "उजाडलंय की."

बाहेर उजाडलंय हो मामा, आमच्या घरात कुठं उजाडतंय? मुकुंदवाडीतलं आमचं घर गल्लीच्या आतल्या अंगाला. शेजाऱ्यानं तीन मजले चढवले तेव्हा आमच्या एकुलत्या एका खिडकीपुढं भिंत आली. खिडकीतून हात काढला तर भिंतीला लागतो. पुढच्या खोलीत माझं पिको-फॉलचं मशीन आहे, अगदी दाराला खेटून, कारण जो काही उजेड येतो तो दारातूनच. एरवी भागून जातं. पावसाळ्यात आभाळ खाली आलं की भरदुपारी सुईत दोरा जात नाही.

आता हे रडगाणं कुणापुढं गायचं? मराठवाड्यात राहून ढगांना नावं ठेवली तर लोक तोंडात मारतील. इथं माणसं आभाळाकडं डोळे लावून बसलेली असतात. आमच्या नळाला एकदा पाणी येऊन गेलं की पुढचं कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. धरण भरलं की लोक एकमेकांना फोन करून कळवतात, जसं काही घरात बाळंतपण झालं. अशा शहरात राहून मी आषाढ लागला की मनातल्या मनात म्हणायची, नको, यंदा नको येऊस. आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

पाऊस मला वाईट नव्हता. मला वाईट होतं ते नुसतं झाकोळलेलं आभाळ, ना पडत ना उघडत असं आठवडे-आठवडे लोंबकळणारं. अंग जड व्हायचं. गॅस पेटवला तर कशासाठी पेटवला ते आठवायचं नाही. गौरी-गणपतीच्या आधी बायका साड्यांचा ढीग टाकून जायच्या आणि मी मशीनपुढं बसून पायडलवर पाय ठेवायची, पाय हलायचा नाही. लोकांना वाटायचं बाई आळसावली. मलाही तेच वाटायचं. दसऱ्याच्या आसपास ऊन पडलं की मी आपोआप उठून कामाला लागायची, आणि मग सगळेच विसरायचे, मीसुद्धा.

मागच्या साली मात्र विसरता आलं नाही. भादव्यातल्या एका दुपारी मी मशीन झाकलं, चपला घातल्या आणि मुकुंदवाडी स्टेशनवर जाऊन बसले. कुठं जायचं नव्हतं, तिकीट काढलं नव्हतं. संध्याकाळी लेक शोधत आली तेव्हा मी बाकावर नव्हते, प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला उभी होते. तिनं काही विचारलं नाही. माझं मनगट धरलं आणि घरी आणलं. घरात सांगितलं, आई मैत्रिणीकडं बसली होती. माझा नवरा वाळूजच्या कंपनीत पाळीवर असतो, तो थकून आलेला, त्यानं मान डोलावली. मामांनी तर वर बघितलंही नाही.

पण पोरीची नजर त्या दिवसापासून बदलली ती बदललीच. मला न्हाणीत जरा वेळ लागला की दारावर थाप. दुकानात दोरा आणायला निघाले की, "मी पण येते." जन्म मी दिलाय, पण राखण ती करत होती.

आणि यंदा तिला नांदेडला नर्सिंगला जागा मिळाली. तिच्या मार्कांवर, तिच्या मेहनतीवर. गल्लीत पेढे वाटले मी. आषाढ लागला तशी ही म्हणते, "मी नाही जाणार."

"काऊन?"

"पावसाळा जाऊ दे."

"पावसाळा सरेस्तोवर कॉलेज थांबतंय व्हय?"

"नाही थांबलं तर नाही थांबलं."

माझं डोकं फिरलं. नको नको ते बोलले मी तिला. ती ऐकून घेत बसली, आणि शेवटी म्हणाली, "तू स्टेशनवर कशाला गेली होतीस ते सांग, मग जाते." तेव्हा मला कळलं की माझ्या ह्या ढगांत आता मी एकटी नाही, पोरीचं उभं आयुष्य अडकून पडलंय. ती गेली नाही तर जागा जाणार. गेली तर जीव टांगणीला लावून जाणार. मला बरं होऊन दाखवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

तीच मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. मनाच्या आजारांचा विभाग अशी पाटी बघून मी पायरीवरच अडले, तिनं मागून ढकललं. डॉक्टर बाई वयानं माझ्याहून लहान होत्या, पण कान देऊन ऐकायच्या. त्यांच्यापुढं मी स्टेशनचं सगळं सांगितलं, पोरीला बाहेर बसवून. त्या म्हणाल्या, काही माणसांना उजेड कमी पडला की असं होतं. थंड मुलखात लोकांना हिवाळ्यात होतं, तुम्हाला ढगांत होतं, वर तुमचं घर असं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि सोबत एक लाईट सांगितला. साधा नाही, त्यासाठीच बनवलेला, लख्ख पांढरा. सकाळी उठल्या-उठल्या अर्धा तास त्याच्यापुढं बसायचं. त्याच्याकडं टक लावून बघायचं नाही, नुसतं समोर ठेवून आपलं काम करायचं.

"सकाळीच," त्या म्हणाल्या. मी मान हलवली.

पोरीनं मोबाईलवरून लाईट मागवला. जेवायच्या पाटाएवढा, चपटा, मागं टेकू. लावला तेव्हा मशीनचं टेबल असं उजळलं की मला लुगड्याच्या काठातला एकेक धागा दिसायला लागला. मी त्या उजेडात हात धरून बघत बसले. मला रडू आलं आणि त्याचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लावून बसले. मामा फिरून आले. खट.

"मामा, राहू द्या तो."

"उजाडलंय की."

"डोळ्याचा इलाज आहे. डॉक्टरनं सांगितलंय." खरं सांगायची हिंमत कुणात होती?

मामा मला वरून खालपर्यंत बघत म्हणाले, "डोळ्याला त्रास अन् डोळ्यापुढं एवढा मोठा लाईट? असा कुठं इलाज असतो व्हय? तुला कुणीतरी बनवलंय."

बोलणं बरोबरच होतं त्यांचं. खोट्याचा हाच वांधा. मग रोजचं ते होऊन बसलं. मी लावायची, ते बंद करायचे. मी परत लावायची, ते न बोलता मेन बोर्डाचा खटका पाडायचे, आणि शेजारच्या खोलीत पंख्याखाली झोपलेला, रातपाळी करून आलेला माझा नवरा घामाघूम होऊन उठायचा. घरात आरडाओरडा. पोरगी आजोबांशी भांडायला जायची तेव्हा मीच तिला आवरायची, कारण भांडण वाढलं की विचारणार, नेमका कशाचा इलाज आहे?

मग मी माझ्या डोक्यानं मार्ग काढला. आमच्या घरात दिवेलागणीला लाईट लावायला कुणाची हरकत नसते. उलट संध्याकाळी घर अंधारात असलेलं मामांना खपत नाही, तेव्हा तेच बटन दाबत फिरतात. उजेड तो उजेड, सकाळचा काय अन् संध्याकाळचा काय. मी रोज संध्याकाळी लाईट लावून मशीनवर बसायला लागले. मामा बघायचे आणि निमूट पुढं जायचे. पोरीला सांगितलं, सकाळी कामाची घाई असते, डॉक्टरला विचारलंय मी. विचारलं नव्हतं.

आणि काय सांगू, पहिले काही दिवस असं वाटलं की स्वर्ग हाती आला. हात भराभर चालायला लागले. साचलेल्या साड्या खाली झाल्या. लाईट बंद करून मी तशीच विहारात जायची. आम्ही बौद्ध, वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या गल्लीच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, आणि वाचायचं काम माझ्याकडं, आवाज खणखणीत म्हणून. मागच्या साली मी मधेच सोडलं होतं. यंदा परत वाचायला बसले तेव्हा बायकांनी कौतुक केलं. पोरीनं माळ्यावरची बॅग काढून पुसली. कॉलेजला फोन लावून विचारलं, उशिरा आले तर चालेल का. ते बोलले, या, पण लवकर या.

झोप मात्र उडाली. आधी वाटलं, बरंच आहे की, कामाला वेळ मिळतोय. मग डोळे जळायला लागले. पडलं की काळीज धडधडायचं. सकाळी उठावं तर अंगात दगड भरल्यासारखं आणि संध्याकाळी लाईटपुढं बसलं की परत चावी दिल्यासारखं. तोंडाचा पट्टा सुटला. गिऱ्हाईकाशी भांडले, नवऱ्याशी भांडले. विहारात एक म्हातारी बाई म्हणाली, "बाई, जरा दमानं वाच, आम्हाला समजू दे." मी भर सभेत म्हणलं, "समजायचं असलं तर कान उघडे ठेवून बसा." सगळ्या पांढऱ्या साड्या एकदम माझ्याकडं वळल्या. मी पुस्तक मिटलं आणि उठून आले. त्यानंतर मी विहारात गेले नाही.

पोरगी परत बघायला लागली. पुसलेली बॅग कॉटखाली गेली.

आणि मग ती दुपार आली. झाकोळलेलं होतं, भुरभुर चालू होती. एका बाईची पैठणी होती मशीनवर, लग्नाची, आणि माझ्याकडून फॉल उलटा शिवला गेला. एवढंच. कुणाच्याही हातून होतं. उसवायचं आणि परत शिवायचं. मी मशीन झाकलं. पुढचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते हे, की माझ्या पायात चपला होत्या, मी स्टेशनच्या रस्त्याला लागले होते, आणि समोरून रिक्षावाला ओरडत होता, "ओ ताई, मरायचंय का?"

त्याचं ते रोजचं बोलणं. दिवसातून कितीदा तरी म्हणत असेल कुणाकुणाला. पण माझे पाय तिथंच खिळले. पुढं पाऊल टाकायची भीती वाटली आणि मागं वळायचं बळ नव्हतं. मी एका बंद टपरीच्या फळीला धरून उभी राहिले आणि पोरीला फोन लावला.

"मी स्टेशनच्या रस्त्याला आहे," मी म्हणलं. "ये."

ती शेजारणीची स्कूटी घेऊन आली. किती वेळात आली मला माहीत नाही, पण आली तेव्हा पायात चप्पल नव्हती तिच्या. मला मागं बसवलं, माझे दोन्ही हात स्वतःच्या पोटाशी ओढून घेतले आणि घरी न जाता थेट दवाखाना गाठला. रस्ताभर एकच वाक्य बोलली, "मी नांदेडला जात नाही. विषय संपला."

डॉक्टर बाईंनी आधी पोरीला पाणी दिलं. मग मला विचारलं, झोप कशी आहे, जेवण कसं आहे, लाईट घेता का. घेते म्हणलं. कधी घेता? मी पोरीकडं बघितलं.

"संध्याकाळी," पोरगी म्हणाली. "तिनं तुम्हाला विचारलंय ना?"

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत, पण चेहरा गंभीर झाला. म्हणाल्या, संध्याकाळी एवढा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराला वाटतं आत्ताच सकाळ झाली. मग झोप कशी येणार? आणि झोप गेली की तुमचा आजार दुप्पट वेगानं येणार. आजपासून संध्याकाळी लाईट बंद. गोळ्या बदलून देते. चार दिवसांनी परत या, आणि तोवर एकट्या राहू नका.

"पण सकाळी का नाही लावला तुम्ही?"

"आमच्यात दिवसा लाईट लावू देत नाहीत," मी म्हणलं. बोलून झाल्यावर मलाच कसंतरी वाटलं. "सासरे बंद करतात."

"मग त्यांना सांगा कशासाठी आहे ते."

"काय सांगू?"

"जे मला सांगितलंत तेच."

सोपं आहे हो. मी मनात डॉक्टर बाईंना चार शिव्या दिल्या. तुम्ही सांगा ना येऊन आमच्या मामांना. खांबावरून पडून हात मोडला तरी बोंब न मारणारा माणूस, त्याला मी सांगू की तुमच्या सुनेला ढग आले की जगावंसं वाटत नाही? ऐकून म्हणतील, खाऊन-पिऊन सुखी आहेस, तुला काय धाड भरली? हेच म्हणणार. मी स्वतःला वर्षानुवर्षं हेच म्हणत आले होते.

घरी आलो. मामा दारातल्या खुर्चीवर बसून रेडिओचा सेल बदलत होते. पोरगी आत जायला लागली, मी तिला म्हणलं, थांब, तू पण ऐक. उंबऱ्यावरच बसले मी.

"मामा, तो लाईट डोळ्याचा नाही."

त्यांनी वर बघितलं.

"मागच्या साली मी मैत्रिणीकडं गेले नव्हते. स्टेशनवर गेले होते. परत यायचं नाही म्हणून गेले होते. आज पण निघाले होते. मला आभाळ भरून आलं की असं होतं. आजार आहे तो. डॉक्टरनं सांगितलंय, सकाळी त्या लाईटपुढं बसायचं. तुम्ही बंद करता म्हणून मी संध्याकाळी बसले अन् आजार वाढला. आता ही पोरगी नांदेडला जात नाही म्हणते. माझ्यापायी."

सगळं एका दमात बोलले, विहारात वाचते तसं. पोरगी मागं उभी राहून रडत होती, आवाज न करता. गल्लीत कुणीतरी बादली सरकवली. मामांनी सेल रेडिओत बसवला, मागचं झाकण लावलं, ते नीट बसलं की नाही बघितलं.

"च्या ठेव," ते म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं काळीज फाडून बोलले अन् हा माणूस चहा मागतो. पण उठले आणि ठेवला. करणार काय? त्यांनी चहा घेतला, कप विसळून पालथा घातला आणि बाहेर निघून गेले. जेवायला आले, जेवले अन् झोपले. मला वाटलं, झालं, उद्या पण खट होणार, आणि उद्या मी काय करीन ते मला सांगता येत नाही.

सकाळी पोरीनंच मला उठवलं, मशीनपुढं बसवलं आणि लाईट लावला. दारात मामांची चाहूल लागली तशी ती बोर्डापुढं जाऊन उभी राहिली, हात पसरून. मामा आत आले. चपला काढल्या. पोरीकडं बघितलं, लाईटकडं बघितलं. मग प्लास्टिकची खुर्ची ओढून माझ्या शेजारी ठेवली, लाईटकडं पाठ करून बसले आणि काखेतला पेपर उघडला.

"आजोबा?" पोरगी म्हणाली.

"एवढा जळतोयच तर वाया कशाला घालवायचा," मामा म्हणाले. "चष्म्याबिगर दिसतंय."

त्या दिवसापासून रोज तसंच. मी फॉल शिवायची, ते पेपर वाचायचे. वाचून झाला की मागच्या पानापासून परत सुरू करायचे, पण माझा वेळ पुरा झाल्याशिवाय उठायचे नाहीत. एकदा ह्याच वेळेला नळाला पाणी आलं. पाणी आलं की आमच्या गल्लीत माणूस मेलेला असला तरी उठून हंडा घेतो. मी सवयीनं उठले. मामा म्हणाले, "बस. मी भरतो." हर्नियाचं ऑपरेशन झालेला माणूस. मी म्हणलं, "मामा, तुम्हाला जड उचलायचं नाही." ते म्हणाले, "अन् तुला उठायचं नाही." मग अर्ध्या बादल्या भरून आणत राहिले, आणि मी तिथं बसून स्वतःवर चरफडत राहिले, कारण पाण्याच्या वेळी बसून राहिलेली बाई मी आयुष्यात बघितली नव्हती.

लगेच काही बरं वाटलं नाही. झोप हळूहळू आली. जिवावर येणाऱ्या सकाळी पुष्कळ होत्या. पण एका दिवशी पैठणीचा उलटा फॉल उसवायला घेतला आणि उसवून परत शिवूनही झाला, तेव्हा लक्षात आलं की पाय पायडलवर आपोआप चाललाय. विहारात जाऊन त्या म्हातारीच्या पाया पडले. ती म्हणाली, "वाच आता, पण दमानं." डॉक्टर बाई म्हणाल्या, सुधारतंय, पण गोळ्या आणि लाईट दोन्ही सोडायचं नाही, आणि मनात आलं की लगेच फोन करायचा, जसा त्या दिवशी केलात. मी पोरीपुढं उभी राहिले आणि म्हणलं, आता तू जा. कॉलेजवाल्यांनी शेवटचं सांगितलं होतं, ह्या आठवड्यात आली नाहीस तर जागा दुसऱ्याला. गणपती उठले होते, पण आभाळ अजून उघडलं नव्हतं.

ती तयार झाली, पण एका अटीवर. "तू स्टेशनवर यायचं नाही. आजोबा सोडतील."

गाडी मुकुंदवाडीलाच थांबते. तेच स्टेशन.

"मी येणार," मी म्हणलं. "आणि मामांनी घरी थांबायचं. मला एकटीला परत येऊ द्या. तिला गाडीत बसून हाच घोर लावून घ्यायचा असंल तर तिनं जाऊच नये."

पोरगी आजोबांकडं बघायला लागली. मामा म्हणाले, "येऊ दे तिला," आणि पोरीच्या बॅगेची चेन लागत नव्हती ती लावायला बसले.

स्टेशनवर फार माणसं नव्हती. पोरीनं मला तिकीट खिडकीच्या भिंतीला पाठ लावून उभं केलं, लहान लेकराला करतात तसं. "गाडी आली की इथून हलायचं नाही. मी माझी चढते. तू इथूनच हात कर." मी व्हय म्हणलं. एरवी मी तिला सोडलं असतं का असं बोलल्यावर? पण तिच्या ओठाचा कोपरा थरथरत होता.

गाडीचा आवाज आला. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली. प्लॅटफॉर्म थरथरला. मी दोन्ही हात मागं नेऊन भिंतीला टेकवले. पोरगी रुळाकडं बघतच नव्हती, ती माझ्याकडं बघत होती. गाडी थांबली तेव्हा तिनं बॅग उचलली. तिला जवळ घ्यावं असं फार वाटलं. हलायचं नाही असं कबूल केलं होतं, म्हणून हलले नाही. ती चढली आणि खिडकीशी आली. गाडी सुटली, आणि ती दिसेनाशी होईस्तोवर तिची नजर माझ्या पायांवर होती, माझ्या तोंडावर नव्हती.

मग मी वळले आणि घराकडं चालायला लागले. भुरभुर चालू होती. टपरी लागली, तिची फळी उघडी होती, आत माणूस चहा गाळत होता. मी थांबले नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा भरदुपार होती, पण गल्ली नेहमीसारखी काळवंडलेली. आणि पार आतल्या अंगाला, आमच्या दारातून, लख्ख पांढरा उजेड बाहेर रस्त्यावर पडला होता.

मामांनी लाईट मशीनवरून उचलून उंबऱ्याजवळ स्टुलावर ठेवला होता, तोंड गल्लीकडं करून. दार सताड उघडं. स्वतः शेजारी उभे होते, एक हात चौकटीवर. मला बघितल्यावर हात खाली आला.

"गेली का गाडी?"

"गेली."

"तू आलीस."

"आले."

त्यांनी डोळे पुसले आणि पुसताना तोंड वळवलं नाही. मीही तिथंच उंबऱ्यावर उभी राहून रडले. मग आत पाऊल टाकलं, बोर्डाजवळ गेले आणि खट केलं.

"दुपारी कशाला जाळता मामा," मी म्हणलं. "सकाळी लावायचाय तो."